शेरा

एकतीस वर्षं मी मीटर वाचले.
गिट्टीखदान, जाफरनगर, बोरगाव, गोरेवाड्याचा रस्ता.
वाचले म्हणजे काय,
पाच आकडे आणि एक शिंक.
डबा उघडला की आधी धूळ, मग पाल,
मग कोपऱ्यात चिकटवलेली मातीची मडकी
आणि मडक्यांची मालकीण,
सुतळीहून बारीक कमरेची,
चष्म्याभोवती दोन चकरा मारून
कोणाचा रे तू, असं विचारणारी.
मी आकडे टिपून डबा हळूच लावून घ्यायचो.
तिचं नाव विचारलं नाही कधी.
बिलावर तिचा रकाना नव्हता.

निवृत्त झालो तेव्हा वरच्या खोलीत
लांजेवार मॅडम भाड्याने राहायच्या.
कॉलेजात प्राणिशास्त्र.
त्यांनी काठ उडालेलं एक भिंग दिलं, म्हणाल्या,
"उईकेजी, नाव शेवटी. आधी पाय मोजा."

मोजणं मला जमतं.
सहा. आठ.
वाणीच्या पायांत दोनदा चुकलो,
तो गोळा होऊन बसला,
मीही पायरीवर बसून राहिलो, तो उलगडेपर्यंत.

ऑफिसची एक कोरी वही उरली होती, तीच घेतली.
ग्राहक क्रमांक ११४. पत्ता: फुटाळ्याचा काठ, तुटकी फरशी.
चालू रीडिंग: बसल्यावर पंख मिटते,
म्हणून चतुर नाही, टाचणी.
मागील रीडिंग: कोरं.
सगळ्यांचंच मागील रीडिंग कोरं आहे,
साठ वर्षं मी काय पाहत होतो कोण जाणे.

तेलाच्या पिंपात संत्र्याचं रोप आहे.
पानावर पांढरं-काळं काहीतरी.
शेवंता म्हणाली, "चिमनीची घान हाय ते, धुऊन टाका न."
मी काडीनं जरासं हलवलं,
तर घाणीला डोकं फुटलं,
डोक्यातून दोन केशरी शिंगं आली,
आणि असा वास, की बाई दोन पावलं मागं.
जन्म संत्र्याच्या गावात गेला,
संत्र्याचा राग त्या दिवशी हुंगला.
आता ती रोज सकाळी मोजते: पाच होत्या, चारच कशा?
बुलबुलाला शिव्या देते,
मग बुलबुलासाठी पाणीही ठेवते.

मॅडमची गोंदियाला बदली झाली.
काल रात्री पोर्चच्या ट्यूबलाइटखाली
एक आला. तांदळाच्या कणीएवढा.
पाय सहा, इथवर ठीक.
पाठीवर जुन्या तांब्याचा रंग,
मिशा अंगाहून लांब, आणि डावी मोडकी.
फोटो पाठवला. उत्तर तासाभराने आलं:
"सांगता येत नाही."
तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा बरं वाटलं.

नोकरीत असं चालायचं नाही.
कुलूप दिसलं की आम्ही लिहायचो, दार बंद,
आणि ऑफिस सरासरी बिल धाडायचं.
बोरगावच्या एका घराला
अकरा महिने धाडलं.
बाराव्या महिन्यात बाई दारातच उभी,
बिलांची चळत हातात:
"आमी तर सालभर भंडाऱ्याले होतो, भाऊ.
मंग हे लाइट जाळले कोनं?"
मी मीटरकडे पाहिलं. तिच्याकडे नाही पाहिलं.

तर ग्राहक क्रमांक २०७.
हा भुंगेरा असावा, हे पेन्सिलीनं.
नाव: रिकामं.
अंदाजानं भरणार नाही.
शेऱ्यात लिहिलं, दार बंद.
खाली लहान अक्षरात, पुन्हा येऊन पाहणे.

मग ट्यूबलाइट बंद केली,
त्यालाही घर असेल.
अंधारात आमच्याच मीटरच्या डब्यात
काही खुडबुडलं.
भिंग शोधत होतो,
आतून शेवंता ओरडली, "झोपा आता,
त्याले बी झोपू द्या."